गुणपत्रिका आणि स्वरचाचणी : महाराष्ट्रातील संगीतशिक्षणाच्या प्रवेशपद्धतीचा विकास

महाविद्यालयात संगीत हा विषय घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास सामान्यतः दोन कसोट्यांना उतरावे लागते. शालान्त अथवा उच्च माध्यमिक परीक्षेची गुणपत्रिका ही पहिली. परीक्षकांसमोर प्रत्यक्ष गाऊन किंवा वाजवून दाखविणे ही दुसरी. ही व्यवस्था केवळ कार्यालयीन सोयीतून निर्माण झाली, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः या दोन कसोट्यांमागे पात्रतेच्या दोन निरनिराळ्या कल्पना आहेत. त्यांचा संयोग गेल्या सव्वाशे वर्षांत घडून आला असून तो अद्याप पुरता एकजीव झालेला नाही.

गुरुगृहात प्रवेशपरीक्षा नव्हती, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. ती होती, परंतु ती एका दिवसाची नव्हती. गंडाबंधनापूर्वी शिष्याची निष्ठा, चिकाटी आणि ग्रहणशक्ती यांची पारख महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे होत असे. मात्र या परीक्षेला नियम नव्हते आणि तिच्या निकालाविरुद्ध दाद मागण्याची सोयही नव्हती. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (जन्म १८४९) यांना धारच्या देवजीबुवांचे घर तेथील अडचणींमुळे सोडावे लागले आणि पुढे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे त्यांची तालीम पुरी झाली. शिष्याची योग्यता सिद्ध असूनही गुरुगृहाचा दरवाजा बंद होऊ शकत होता, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. शिवाय घराण्यातील मुलास जे सहज मिळे, ते परक्यास क्वचितच मिळे.

बाळकृष्णबुवांचेच शिष्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, तेव्हा हा दरवाजा सार्वजनिक झाला. शुल्क भरून ठराविक वेळी येणाऱ्या विद्यार्थ्यांस तेथे प्रवेश होता. स्त्रियांच्या शिक्षणाचीही व्यवस्था होती. परंतु पलुसकरांनी जुनी कल्पना सर्वस्वी टाकून दिली नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जे विद्यार्थी पुढे संगीतशिक्षक व्हावयाचे, त्यांच्यासाठी त्यांनी ‘उपदेशक’ वर्ग चालविला. या विद्यार्थ्यांच्या निवासाचा व भोजनाचा भार संस्था उचलीत असे आणि त्यांच्याकडून दीर्घ मुदतीचा करार लिहून घेतला जाई. म्हणजे गंड्याची जागा करारपत्राने घेतली. पण शिष्याने दीर्घ काळ गुरूच्या सहवासात राहिले पाहिजे, हे तत्त्व कायम राहिले. १९०८ मध्ये संस्थेचे कार्य मुंबईत सुरू झाले. तेथील इमारत कर्जापायी हातची गेली, तरी पलुसकरांच्या निधनानंतर १९३१ मध्येच त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढच्या वर्षी विनायकबुवा पटवर्धन यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची दृष्टी वेगळी होती. ते विधिज्ञ होते. रागांचे वर्गीकरण, स्वरलेखन आणि क्रमिक पुस्तके यांच्या साहाय्याने संगीत हा इतर विद्यांप्रमाणे अभ्यासक्रमात बसणारा विषय व्हावा, असा त्यांचा प्रयत्न होता. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय (१९१८) आणि लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) ही त्याची फळे होत. पलुसकरांच्या व्यवस्थेत विद्यार्थ्याचा काळ मोजला जाई; भातखंड्यांच्या व्यवस्थेत त्याचे ज्ञान मोजता येऊ लागले. विद्यापीठांना दुसरी पद्धती अधिक मानवली, यात नवल नाही. प्रश्नपत्रिका व गुण ही विद्यापीठाची भाषाच आहे.

मंडळाच्या परीक्षांनी या दोन प्रवाहांना जोडणारा पूल बांधला. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना झाल्यामुळे ज्या गावी महाविद्यालय नाही, तेथील विद्यार्थ्यासही आपली तयारी प्रमाणपत्राने दाखविता येऊ लागली. मध्यमवर्गीय घरांतील मुलींना संगीताचे शिक्षण प्रतिष्ठेने घेता आले, त्यात या परीक्षांचा वाटा मोठा आहे. परंतु त्याच वेळी ज्यांची विद्या वंशपरंपरेने कंठात होती आणि लेखनवाचनाशी ज्यांचा संबंध अल्प होता, असे गायक व गायिका या नव्या व्यवस्थेच्या कडेला पडले. लाभ व हानी या दोहोंची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी.

स्वातंत्र्यानंतर पात्रतेचा हा वाद देशव्यापी झाला. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवर स्वरचाचणीची पद्धती व कलावंतांची श्रेणी लावण्याची प्रथा दृढ झाली. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांच्याकडे या कामाची प्रमुख जबाबदारी होती. अनेक नामवंत कलावंतांनी या चाचणीस तीव्र विरोध केला. आयुष्यभराची साधना काही मिनिटांत कोण व कशी तोलणार, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो अनाठायी नव्हता.

मराठवाड्यात हा प्रश्न आणखी एका कारणाने बिकट झाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीखाली होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ १९९४ मध्ये अस्तित्वात आले. म्हणजे गुणपत्रिकेची शिडीच येथे उशिरा उभी राहिली. कानाची शिडी मात्र फार जुनी होती. हरिनाम सप्ताह, भजनी मंडळे, औशाच्या नाथपरंपरेतील चक्रीभजन आणि नांदेडच्या गुरुद्वारातील कीर्तन यांनी या भूमीचा कान घडविला होता. नांदेडचे पं. नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांनी अण्णासाहेब गुंजकर यांच्याकडे तालीम घेतली आणि पुढे औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) सरस्वती भुवन महाविद्यालयात संगीताचे अध्यापन केले. गुरुगृह आणि महाविद्यालय यांची सांगड एकाच व्यक्तीच्या आयुष्यात कशी पडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

नांदेडजवळील, केळीच्या बागांसाठी ख्यात असलेले अर्धापूर घ्या. अशा गावातील भजनात वाढलेल्या मुलाचा स्वर पक्का असतो, ठेक्याचे भानही उपजत वाटावे इतके असते. परंतु स्वरचाचणीत त्याला यमनातील ख्याल आलाप-तानांसह म्हणावयास सांगितला, तर त्याच्या अंगच्या गुणाची परीक्षा होत नाही. त्याला शिक्षक लाभला होता की नाही, एवढीच परीक्षा होते. गुणपत्रिकेविषयीही असेच म्हणता येईल. शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांस दहावीत वाढीव गुण देण्याची सोय महाराष्ट्रात झाली, ती स्तुत्य आहे. पण जेथे शिकविणाराच नाही, तेथील मुलास तिचा उपयोग नाही. अशा रीतीने दोन्ही दरवाजांवर एकच मुलगा दोनदा अडतो.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने १९८७ पासून गुरुकुलाचे तत्त्व पदवीशिक्षणात आणण्याचा प्रयत्न केला. हरवलेला काळाचा घटक परत मिळविण्याची गरज विद्यापीठांनाही जाणवली, हे त्यावरून दिसते. जुन्या गुरूची लहर नको. परंतु त्याची सावकाश पारख हवी. परीक्षकाने एखादी अपरिचित स्वरावली गाऊन विद्यार्थ्याकडून ती म्हणवून घेणे, टाळीवर ठेका धरावयास लावणे, चुकल्यावर पुन्हा समजावून दुसऱ्या वेळी किती फरक पडतो ते पाहणे आणि पहिल्या सत्रानंतर निवडीचा फेरविचार करणे, एवढे केल्यास स्वरचाचणी संपादित विद्येऐवजी ग्रहणशक्तीचे मापन करू लागेल. गुरुगृहात पारख होती, पण न्याय नव्हता. विद्यापीठाने नियम आणून न्यायाची हमी दिली. त्या नियमांत पारखीला स्थान मिळाले, तरच अर्धापूरच्या मुलापर्यंत तो न्याय पोहोचेल.