आत्याचे आणे
१७४२ च्या सुमारास नारो शंकर झाशीचा सुभेदार झाला आणि त्याच्या मागून दख्खनी कुटुंबं इथे येऊन वसली. त्यांच्याबरोबर मोडीतला जमाखर्च आला, पाढे आले. नुसते बे-तीनचे नव्हेत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. झाशीच्या टांकसाळीत बलवंतनगर नावाचे रुपये पडत, परक्या रुपयाला बट्टा लागे. अशा बाजारात कारकुनाच्या मुलाला साडेतीनपट तोंडी यायलाच हवी होती. १८५४ मध्ये संस्थान खालसा झालं. कारकुनी गेली, पण दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत आमच्या घरात शंभर वर्षं टिकली.

माझ्या आत्याला औटकीसुद्धा न अडखळता येत असे. पण सात मोठे की पाच, असं एकदम विचारलं की ती बोटांची पेरं मोजू लागे. पाठ येतं मग हिशेब का येत नाही, असं म्हणून मास्तर छडी उगारत. पाढे जिभेला बसतात ते गाण्यासारखे, भाषेच्या वाटेने. संख्या म्हणजे किती, ही जाण वेगळी असते. चेकोस्लोव्हाकियातल्या लाडिस्लाव कोश्च यांनी १९७४ मध्ये या अडचणीची शास्त्रीय व्याख्या मांडली. आज आपण तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतो. आत्याला कुणी तपासलं नाही. मात्र अशी मुलं शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे आणि तिच्या सगळ्या खुणा मला ओळखीच्या वाटतात. परवच्याने तिची अडचण झाकली, असं माझं मत आहे. पाढे आले म्हणजे गणित आलं, हा समज त्या रीतीतूनच पक्का झाला.

तरी ती बाजार करायची, नाण्यांच्या आकारांवर. आणा कातरलेल्या कडेचा, दोन आणे चौकोनी, पावली गोल. कोथिंबिरीला कुठलं नाणं आणि दुधाला कुठली दोन, हे तिने ठरवून ठेवलं होतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर झाले आणि काही वर्षं दोन्ही नाणी एकत्र चालली. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोनाचे बारा, पण तिनाचे एकोणीस आणि चारांचे पंचवीस! घरातले शिकलेलेसुद्धा चुकत. चौकोनी नाणं आता पाच नव्या पैशांचंही होतं. आत्याने बाजारात जाणं सोडलं. तेव्हा ती जेमतेम पंचविशीची होती. त्या वयात घराबाहेरचा एवढा मोकळेपणा गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या पिढीत उत्तर प्रदेश बोर्डाने हायस्कूलच्या मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घ्यायची मुभा दिली. त्या दाराने कित्येकजणी पास झाल्या, त्यांना नेमकं काय जड जात होतं हे कुणी न विचारताच. मुलांना तेही दार नव्हतं. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. आम्हा झाशीकरांच्या हाती काही ठोस आलं ते २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने. त्याच्या परिशिष्टात डिस्कॅल्क्युलियाचं नाव आहे.

आजही आईवडील मुलाला घेऊन येतात आणि आधी सांगतात, पाढे तर पाठ आहेत हो त्याचे. मी चिंचोक्यांच्या दोन राशी मांडते आणि न मोजता विचारते, जास्त कुठे? मग मोजायला हवा तेवढा वेळ देते, संख्यारेषा आखून देते, पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू देते. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून शाळेला अर्ज कसा करायचा, तेही आईवडिलांना त्याच बैठकीत सांगते.