तगर गेलं, तेर राहिलं

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचं गाव आहे. आपण ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ओळखतो. पण गोरोबाकाकांच्याही सुमारे बाराशे वर्षं आधी इथं तगर नावाची मोठी पेठ होती.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तिची नोंद आहे. पैठणहून पूर्वेला 10 दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथलं साधं कापड नि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरावर जाई, असं त्यात लिहिलंय. तिथून माल समुद्रापार निघे. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेली बाहुली बहिणी-बहिणी शोभाव्यात, इतक्या सारख्या आहेत.

पाँपेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तगरवर असं काही कोसळलं नाही. रोमचा व्यापार ओसरला, राज्यं बदलली, आणि पेठ हळूहळू विझली. बौद्धांचं विटांचं चैत्यगृह पुढं त्रिविक्रमाचं देऊळ झालं. ते आजही उभं आहे. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुराचे स्वामी' म्हणवून घेत. तगरचं वैभव सरलं, तरी नावाचा मान उरला होता. पुढं शिलाहारही गेले.

मग राहिलं काय? गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीत सापडलेले मणी, नाणी, मातीच्या मूर्ती जपून ठेवल्या. त्यातून तेरचं संग्रहालय उभं राहिलं. लोक ज्याला खापर म्हणून बाजूला टाकतात, त्यातच गावाचा इतिहास होता.

एक गोष्ट मात्र आम्हा बचत गटाच्या बायांना सलते. मलमल कुठं गेली हे लिहिलं गेलं, राजांच्या पदव्या ताम्रपटावर कोरल्या गेल्या. पण ते सूत कुणी कातलं, त्या हातांचं एकही नाव उरलं नाही.

दिवस कुणाचेच सारखे राहत नाहीत. आज आपल्या पापडाला, गोधडीला गिऱ्हाईक आहे, उद्या बाजार फिरेल. म्हणून चार पैसे गाठीला ठेवायचे आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबायचं नाही. आणि गटाच्या वहीत 'माल दिला' एवढंच न लिहिता, तो कुणी केला तिचं पूर्ण नाव लिहायचं. वहीसुद्धा कायमची नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी लिहायचं.