पंधराशे प्रती गेल्या कुठे?

युसूफ वडगावात बसून आम्ही मोबाईलवर जुन्या पुस्तकांच्या जाहिराती पाहतो. विकत घ्यायची ऐपत नाही. कोणती प्रत कुठे शिल्लक आहे, एवढे वहीत टिपतो.

जात-पात तोडक मंडळाने लाहोरची परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वखर्चाने छापले. प्रती १५००, किंमत आठ आणे. दोन महिन्यांत संपल्या! त्यातली एखादी आज विक्रीला आली, तर ती ऐपतदाराच्या कपाटात जाते आणि जाहिरातही गायब होते. म्हणून आधी फोटो जपून ठेवायचे: मुखपृष्ठ, छापखान्याचे नाव, ग्रंथालयाचा शिक्का, फाटलेली पाने.

'पहिली आवृत्ती' या शब्दांवर लगेच विश्वास ठेवू नका. गांधींची टीका आणि तिला बाबासाहेबांचे उत्तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडले गेले. ते आत असेल, तर प्रत १९३६ ची नाही. विक्रेत्याला अनुक्रमणिकेचा फोटो मागा. फोटोला पैसे पडत नाहीत.

कोणी म्हणेल, मजकूर तर सगळीकडे मिळतो, जुन्या कागदाचे काय एवढे? ताराबाई शिंदेंचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले आणि पुढे विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले. जुनी प्रत कुठेतरी टिकली होती, म्हणून हे जमले. तीही रद्दीत गेली असती, तर आपण आज ताराबाईंचे काय वाचले असते?