डोक्यावरचे छप्पर आणि वहीतले नाव



वैशाख सरत आला की आपल्याकडे शाकारणीची घाई सुरू होते. कौले परतायची, फुटकी बदलायची, गोठ्यावर नवे पाचट चढवायचे, पडवीला झावळ्यांचे झाप बांधायचे. मृग कोरडा गेला तरी चालेल, पण घर उघडे राहता कामा नये, असा आपल्या वाडवडिलांचा दंडकच होता. आता क्षणभर अशी कल्पना करा, की नेमक्या याच दिवसांत तुमच्या गावाच्या वेशीवर रोज हजारो परकी माणसे येऊन उभी राहत आहेत. अंगावरच्या कपड्यांखेरीज त्यांच्यापाशी काही नाही. आभाळ भरून आले आहे. गावात बांबू आहेत ते आपल्यापुरते, गवत आहे ते आपल्या गुरांपुरते. तुम्ही काय कराल?

१९७१ साली आपल्या देशाच्या पूर्व सीमेवर हा प्रश्न कल्पनेतला राहिला नव्हता. त्याचीच हकिगत आज सांगावयाची आहे. लढायांचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. लढाईने ज्यांचे घर हिरावून घेतले, त्यांच्या डोक्यावर पुन्हा छप्पर कुणी आणि कसे घातले, हा इतिहास मात्र आपल्या क्रमिक पुस्तकांत दोन ओळींत उरकला जातो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९४७ च्या फाळणीत पाकिस्तानचे दोन तुकडे झाले, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला, मध्ये सारा हिंदुस्थान. डिसेंबर १९७० मधल्या निवडणुकीत पूर्वेकडच्या अवामी लीगला बहुमत मिळाले. पण सत्ता तिच्या हाती सोपविण्याची लष्करी राजवटीची तयारी नव्हती. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कराची कारवाई सुरू झाली आणि माणसे जीव मुठीत धरून भारताच्या वाटेला लागली. मे अखेरीस ही संख्या ४० लाखांच्या घरात गेली होती आणि रोज सरासरी एक लाखाहून अधिक माणसे सीमा ओलांडत होती. डिसेंबरपर्यंत हा आकडा सुमारे ९९ लाखांवर गेला.

आकडा मोठा असला म्हणजे तो कानावरून नुसता वाहून जातो. म्हणून एक लहान हिशेब सांगतो. त्रिपुरा राज्याची लोकसंख्या १९७१ च्या शिरगणतीप्रमाणे साडेपंधरा लाखांच्या आसपास होती. तिथे आलेले निर्वासित होते १४ लाखांवर. म्हणजे घरटी जितकी माणसे, जवळजवळ तितकेच पाहुणे! आणि त्या काळी त्रिपुरात रेल्वे पोहोचली होती ती फक्त उत्तरेकडच्या धर्मनगरपर्यंत. पुढे सारा माल डोंगरातल्या रस्त्याने न्यायचा. ताडपत्रीचा गठ्ठा कलकत्त्यात येऊन पडला म्हणजे तो आगरतळ्याला पोहोचला असे होत नाही, बरे का!

पहिल्या दिवसांत जी जागा दिसेल ती माणसांनी धरली. झाडाखाली, स्टेशनाच्या फलाटावर, देवळात आणि शाळांत. शिक्षकमित्रांनी हे ध्यानात घ्यावे, की सीमेलगतच्या कितीतरी शाळांच्या वर्गांत बाके हलवून चुली मांडल्या गेल्या. कलकत्त्याच्या पूर्वेला सॉल्ट लेक नावाची भराव घालून तयार केलेली नवी जमीन होती. तिथे दोन लाखांहून अधिक माणसांची छावणी पडली. जवळ सांडपाण्यासाठी आणलेले सिमेंटचे मोठाले नळ पडले होते. त्या नळांत कुटुंबे राहू लागली. दोन्ही तोंडांना फाटकी लुगडी लावली की झाले घर.

जूनमध्ये पाऊस उतरला. बांबू, गवत, तट्टे, ताडपत्री, जे जे छप्पर म्हणून चालेल त्या प्रत्येक वस्तूची टंचाई झाली. जगभरातून मदत येऊ लागली, नाही असे नाही. आणि इथेच खरा पेच उभा राहिला. पैसा केंद्र सरकारचा. जमीन आणि माणूसबळ राज्य सरकारांचे. रेल्वे तिसऱ्या खात्याची. औषधे आणि कपडे देणारे देश निराळे. आणि प्रत्यक्ष चिखलात उभ्या असलेल्या संस्था, म्हणजे रामकृष्ण मिशन, भारत सेवाश्रम संघ, मदर तेरेसांच्या भगिनी, रेड क्रॉस, ऑक्सफॅम, कॅरितास, या तर आणखी निराळ्या. प्रत्येकाची भावना चांगली होती. पण लग्नघरात सगळेच आचारी झाले आणि वाढायला कुणी राहिले नाही, तर पंगत उपाशीच उठते. एका छावणीत दोन गाड्या दूध उतरायचे आणि पलीकडच्या छावणीत थेंब नाही, असे होऊ द्यायचे नसेल, तर कुणीतरी एकाने वही धरून बसावे लागते.

ती वही कशी धरली गेली ते पाहा. २३ एप्रिल १९७१ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रसंघाकडे मदत मागितली. सरचिटणीस ऊ थांट यांनी सहाच दिवसांनी निर्वासितांच्या उच्चायुक्तांना, म्हणजे त्या वेळचे उच्चायुक्त सद्रुद्दीन आगाखान यांना, राष्ट्रसंघाच्या सगळ्या शाखांच्या वतीने मध्यवर्ती दुवा म्हणून नेमले. धान्य देणारी शाखा वेगळी, मुलांची वेगळी, आरोग्याची वेगळी. पण भारताने आपली मागणी एकाच दारात मांडायची आणि त्या दाराने ती बाकीच्यांत वाटून द्यायची, अशी योजना होती. राष्ट्रसंघाच्या कामात एवढ्या मोठ्या प्रमाणावर अशी नेमणूक प्रथमच होत होती.

इकडे दिल्लीत एक मध्यवर्ती समन्वय समिती बसली. कलकत्त्यात पुनर्वसन खात्याची एक शाखाच उघडण्यात आली आणि तिची सूत्रे कर्नल पी. एन. लुथ्रा यांच्याकडे दिली गेली. छावण्या चालवायच्या त्या भारतीय अधिकाऱ्यांनी आणि राज्य सरकारांनीच, हा निर्णय पक्का होता. बाहेरच्या संस्थांनी मदत द्यावी, कामही करावे. पण छावणीचा कारभार एका हाती राहावा.

सीमेवर आलेल्या माणसाचे आधी नाव नोंदवले जाई. लस टोचली जाई. मग हातात एक चिठ्ठी पडे. त्या चिठ्ठीवर शिधा आणि त्या चिठ्ठीवरच छावणीतली जागा. कागदाचा तो चिटोरा म्हणजे त्या माणसाचे घर होते, म्हटले तरी चालेल. ज्याचे नाव वहीत नाही, त्याच्यासाठी बांबू कुठून येणार?

अशा रीतीने ८२५ छावण्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी ४९२ एकट्या पश्चिम बंगालमध्ये आणि २७६ त्रिपुरात. बाकीच्या मेघालय, आसाम, बिहार वगैरे ठिकाणी. सीमेवरची गर्दी हलकी करण्यासाठी काही लोकांना रायपूरजवळच्या माना इथे नेण्यात आले. अमेरिकेची विमाने त्रिपुरात तांदूळ घेऊन उतरत आणि परतताना निर्वासितांना आसामात पोहोचवीत. एका फेरीत दोन कामे! कुणी एकाने दोन्ही गरजा एकाच कागदावर मांडल्या, तरच असे सुचते. छावण्यांत सुमारे ६८ लाख माणसे राहिली. उरलेली ३१ लाख नातलगांकडे, ओळखीच्यांकडे किंवा कुणा अनोळखी यजमानाच्या ओसरीवर राहिली. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर कोणत्याही समितीने दिलेले नव्हते, हेही विसरता कामा नये.

हे सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. छप्पर म्हणजे नुसते वरचे आच्छादन नव्हे. खालची जमीन कोरडी हवी, पाणी स्वच्छ हवे, शौचाची जागा विहिरीपासून लांब हवी. घाईत पडलेल्या छावण्यांत हे जमले नाही आणि पटकीची साथ आली. सप्टेंबरअखेर पटकीचे रुग्ण ४६ हजारांवर गेले. बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यातून पाजायला सुरुवात केली, आणि शंभरांत तीस दगावत होते ते चारांच्या खाली आले. आज आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात जुलाबावर जी पुडी मिळते, तिचा बोलबाला जगभर झाला तो या कामामुळे. पण पुष्कळांना ती पुडीही वेळेवर मिळाली नाही. हजारो मुले त्या पावसाळ्यात गेली.

आता एक अवघड प्रश्न. छावणीतली झोपडी किती पक्की बांधावी? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? जितकी पक्की तितकी चांगली! पण भारत सरकारने पहिल्यापासून एक गोष्ट जगाला सांगितली होती, की ही माणसे आपल्या गावी परत गेली पाहिजेत, आणि त्यांना सुखरूप जाता येईल अशी स्थिती निर्माण झाली पाहिजे. १९४७ मध्ये तसे नव्हते. सिंधमधून आलेले आपले बांधव कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरले, त्या 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले, आणि आज ते मोठे शहर आहे. त्यांना परतीची वाट नव्हती. म्हणून तिथे बराकीचे घर झाले आणि घराचे शहर. १९७१ मध्ये मात्र विटांची भिंत घातली, तर त्याचा अर्थ 'आता इथेच राहा' असा होणार. आणि नुसते मेणकापड टांगले, तर बाळंतिणीने पावसात राहायचे कसे? या दोन टोकांमध्ये अधिकारी आणि कार्यकर्ते रोज ओढले जात होते. या प्रश्नाला बांबूत आणि ताडपत्रीत मोजता येईल असे उत्तर नाही.

यजमान गावांचीही एक बाजू होती आणि ती ऐकून घेतली पाहिजे. निर्वासित मिळेल त्या मजुरीवर राबायला तयार असत, त्यामुळे स्थानिक मजुराचा रोज उतरला. बाजारात भाव चढले. शाळा बंद, दवाखान्यात रांगा. छावणीत शिधा फुकट मिळतो आणि वेशीवरचा गरीब मात्र विकत घेतो, हे पाहून कुणाच्या मनात कटुता आली, तर त्याला दुष्ट म्हणता येणार नाही. ज्याने मदतीचा आराखडा करायचा, त्याने पाहुण्याच्या ताटाबरोबर यजमानाच्या चुलीकडेही पाहिले पाहिजे. हा धडा जगाने पुढे पुष्कळ ठेचा खाऊन घेतला.

३ डिसेंबरला युद्ध पेटले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. १९७२ च्या जानेवारीत परतीचा ओघ सुरू झाला. निघताना प्रत्येक कुटुंबाला वाटखर्चाचे अन्न आणि दोन आठवड्यांचा शिधा मिळाला. कुणाला किती द्यायचे, हे कशावरून ठरले? त्याच वहीवरून! फेब्रुवारी अखेरीपर्यंत ९० लाखांवर माणसे परत गेली. २५ मार्च १९७२ रोजी, म्हणजे त्या काळरात्रीला बरोबर एक वर्ष झाले तेव्हा, भारतात सुमारे ६० हजारच उरले होते, असा सरकारचा अंदाज होता. एवढी माणसे इतक्या लवकर आपल्या घरी परतल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी.

पुढे जगाने या कामाचे नियम बांधले. संकटात माणशी निदान साडेतीन चौरस मीटर आच्छादलेली जागा मिळावी, म्हणजे साधारण दोन बाजा मावतील एवढी, असे मानक आज धरले जाते. २००५ पासून निवाऱ्याच्या कामासाठी वेगळी समन्वय-व्यवस्था आहे. लढाईमुळे विस्थापन झाले तर तिची जबाबदारी निर्वासितांच्या उच्चायुक्तालयाकडे असते, आणि नैसर्गिक आपत्तीत ती आरंभी रेड क्रॉस संघटनांच्या महासंघाकडे दिली गेली. आणि दैवाचा फेरा पाहा: ज्या भूमीतून १९७१ मध्ये माणसे पळाली, त्याच बांगलादेशाच्या दारात ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या येऊन उभे राहिले. कॉक्सबझारच्या टेकड्यांवर पुन्हा तेच बांबू, तीच ताडपत्री आणि तीच नोंदणी. फरक इतकाच, की त्यांना परतीची वाट अजून सापडलेली नाही.

तुमच्या घरी जुनी पत्रे जपलेली असतील, तर १९७१ च्या हिवाळ्यातली शोधून पाहा. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे एक जादा तिकीट लावावे लागे. आरंभी वेगळे तिकीट छापायला सवड नव्हती, म्हणून कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' असा शिक्का उठवून ते चालविले गेले. लेकीची खुशाली विचारणाऱ्या म्हाताऱ्याने, नोकरीसाठी अर्ज पाठविणाऱ्या तरुणाने, सगळ्यांनी ते चिकटविले. त्यांतल्या कितीजणांना बनगाव कुठे आहे ते ठाऊक असेल? तरी त्यांच्या पाच पैशांचा बांबू कुणाच्या तरी झोपडीला लागला.

दया मनात येते, ती झऱ्यासारखी आपोआप. पण झऱ्याचे पाणी शेताला पाजायचे, तर पाट काढावा लागतो, पाळी ठरवावी लागते, आणि पाळीची वही कुणाच्या तरी विश्वासू हातात द्यावी लागते. गुरुजनहो, मुलांना १९७१ शिकवाल तेव्हा रणगाड्यांबरोबर या वहीचीही गोष्ट सांगा. उद्या महापूर येईल, दरड कोसळेल, आणि आपलीच शाळा निवारा होईल. त्या दिवशी पहिले काम कोणते, हे मुलांना माहीत असले पाहिजे. दारात आलेल्याला आत घ्यायचे, आणि त्याचे नाव विचारून लिहून घ्यायचे.