आरसेवाले

* आरसेवाले : या कथेतील, अणुयुद्धानंतरच्या काल्पनिक सैन्यातील संदेशवाहक तुकडी. तिच्याकडे बिनतारी यंत्रे का नाहीत, असा प्रश्न वाचकाला पडेल. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुचाचणी केली, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटरांवरच्या हवाई बेटांत रस्त्यांवरचे काही दिवे विझले. विद्युत्‌चुंबकीय स्पंदाचा, म्हणजे अणुस्फोटातून उठणाऱ्या लहरीच्या झटक्याचा, हा मार बिनतारी यंत्रांना बसतो, आरशाला लागत नाही. उन्हाची तिरीप कमी-अधिक वेळ झळकवून मोर्स लिपीत निरोप धाडणारा हेलिओग्राफ हेन्री मान्स यांनी कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, घडवला. ढग आले की मात्र तो मुका. पुढल्या प्रकरणात चार दिवस आभाळ भरलेले राहते, तेव्हा म्हणूनच जीव टांगणीला लागतो. – संपादक