मालव्याची धूळ आणि प्रेसचे तेल

हायड्रॉलिक प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारा जोर तेलातून येतो. पंप टाकीतले तेल उचलतो, व्हॉल्व्ह त्याला हवे तिकडे वळवतात, सिलिंडरमध्ये दाब चढतो आणि रॅम खाली उतरून पत्रा डायमध्ये ओढतो. क्रँकवर चालणाऱ्या यांत्रिक प्रेसचा पूर्ण जोर स्ट्रोकच्या तळाशीच मिळतो. हायड्रॉलिक प्रेसचा जोर स्ट्रोकभर सारखा राहतो, म्हणून खोल ओढकामाला तीच सोयीची. पण त्या तेलात कचरा गेला की पंप झिजतो, व्हॉल्व्ह अडकतो, रॅम आचके देतो आणि शेवटी तयार नग मापाबाहेर जातात. मालव्यातल्या धार आणि देवास या जिल्ह्यांत आज हा रोजच्या देखभालीचा विषय आहे, आणि मुळात तो आजचाच नाही.

धातू घडवताना त्यातली घाण काढणे हे काम या भागात हजारेक वर्षांपूर्वीही करावे लागत होते. धारच्या लाट मशिदीजवळचा लोहस्तंभ परमार राजा भोजाच्या काळातला, म्हणजे 11व्या शतकातला मानला जातो. आज त्याचे 3 तुकडे आहेत. ते एकापुढे एक धरले तर लांबी 13 मीटरच्या वर जाते, वजन सुमारे 7 टन. एवढा मोठा नग ओतलेला नाही. भट्टीतून निघालेले लोखंडाचे गोळे तापवून, घणाने ठोकून, एकाला एक जोडत तो वाढवलेला आहे. अशा जोडकामात मुख्य अडचण मळीची. गोळ्यात अडकलेली धातुमळी आणि तापलेल्या पृष्ठभागावर धरलेली खपली घणाखाली पिळून बाहेर पडली तर सांधा एकजीव होतो, आत राहिली तर तिथे कच्चा थर राहतो. धारच्या लोहारांना ही घाण निदान डोळ्यांनी दिसत होती. आजच्या फिटरला ती दिसत नाही, आणि या विषयातली सगळी कठीणता तिथेच आहे.

इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. त्यात तेल नव्हते, पाणी होते, आणि गळती थांबवायला चामड्याची वाटी. दाब वाढला की वाटीचे ओठ आपोआप भिंतीला घट्ट चिकटत. या सुधारणेचे श्रेय ब्रामाच्या हाताखालच्या हेन्री मॉड्स्लेला दिले जाते. पाण्यातली रेती चामडे कुरतडत असे, पण चामडे बदलता येई. यंत्रातल्या फटी मोठ्या होत्या, त्यामुळे थोडाफार गाळ खपून जाई. 20व्या शतकाच्या आरंभी पाण्याची जागा खनिज तेलाने घेतली; 1906 मध्ये अमेरिकन युद्धनौका व्हर्जिनियावर तोफा फिरवायला तेलावर चालणारी यंत्रणा बसली. तेल गंज रोखते आणि स्वतःच वंगण होते. त्यामुळे चामड्याविना, धातूला धातू जवळजवळ भिडवून भाग बनवता येऊ लागले आणि फट मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर आली. सर्वो व्हॉल्व्हमध्ये आत सरकणारा स्पूल आणि त्याचे घर यांमधली फट 1 ते 4 मायक्रॉन असते. नुसत्या डोळ्यांना 40 मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. म्हणजे काचेच्या बाटलीत स्वच्छ, सोनेरी दिसणारे तेलही प्रेस बंद पाडू शकते.

मग कण मोजणे आले. अमेरिकेतल्या विमान उद्योगासाठी 1964 मध्ये नास 1638 हे प्रमाण निघाले. भारतातल्या कित्येक कारखान्यांत आजही ‘नास किती आला?’ असेच विचारतात. 1987 मध्ये आयएसओ 4406 आले, 1999 मध्ये सुधारले. त्यात 1 मिलिलिटर तेलातले 4, 6 आणि 14 मायक्रॉनपेक्षा मोठे कण मोजून 3 आकडे देतात. आकडा एकाने वाढला की कण दुप्पट. 18 म्हणजे 1,300 ते 2,500 कण, 20 म्हणजे 5,000 ते 10,000. गाळण्यांची पारखही याच सुमारास बदलली. आधी गाळणीवर ‘10 मायक्रॉन’ लिहिलेले असे आणि त्याचा अर्थ बनवणारा ठरवी. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातल्या संशोधनातून बीटा गुणोत्तर पुढे आले: बीटा 75 म्हणजे त्या मापाच्या 75 कणांपैकी 1 पलीकडे जातो. खरेदीच्या कागदावर हा एक आकडा नसेल तर बाकीचा मजकूर फारसा कामाचा नाही.

आता पुन्हा मालव्याकडे. धार आणि देवास ही पवार घराण्यांची मराठी संस्थाने होती. देवासमध्ये तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत. 1948 मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली. त्यानंतरच्या दशकांत देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप आणि गॅब्रिएलचे शॉक ॲब्सॉर्बर बनू लागले. 1980च्या दशकात इंदूरजवळ, धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला वाहनांचे कारखाने उभे राहिले. आयशर आले, पुण्याहून बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा आल्या. वाहन म्हणजे दाबलेला पत्रा, त्यामुळे प्रेस आल्याच, आणि त्यांचे तेल सांभाळणेही.

मालव्याचे हवामान या तेलाला सोयीचे नाही. काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि वाऱ्याबरोबर तिची बारीक पूड शेडमध्ये शिरते. प्रेसची टाकी हवा आत-बाहेर घेते: सिलिंडर भरताना तेलाची पातळी उतरते, तेवढी हवा ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या जाळीदार तोंडातून, आत ओढली जाते. मोठ्या सिलिंडरच्या प्रेसला ही ये-जा प्रत्येक स्ट्रोकला होते. ब्रीदरची जाळी फाटलेली असेल, किंवा कुणी तो काढून भोकावर फडके बांधले असेल, तर दिवसभरात शेतातली माती तेलात उतरते. पावसाळ्यात दुसरा त्रास. मालव्याची रात्र गार म्हणून नावाजलेली. दुसरी पाळी संपून टाकी निवली की दमट हवेतले पाणी झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरते आणि तेलात पडते. तेल दुधाळ दिसू लागले म्हणजे पाणी बरेच झाले. अशा ठिकाणी साध्या जाळीऐवजी सिलिका जेलचा ब्रीदर लावणे भाग आहे.

नवीन तेलाबद्दलचा समज सर्वांत महाग पडतो. सीलबंद बॅरलमधले तेल सर्वो व्हॉल्व्हला पुरेसे स्वच्छ असेलच असे नाही, म्हणून ते बादलीने न ओतता गाळणीच्या ट्रॉलीतून टाकीत सोडावे लागते. तेल भरण्याआधी टाकी धुताना कॉटन वेस्ट वापरले तर त्याचे धागे मागे राहून पंपाच्या तोंडाशी जमतात. त्यावर भारतीय कारखान्यांत रुळलेला उपाय कणकेचा आहे. घट्ट मळलेला गोळा टाकीच्या तळावर, कोपऱ्यांत आणि वेल्डच्या कडेने दाबत नेला की बारीक किस आणि धूळ त्याला चिकटून येते. गोळा काळा पडला की टाकून नवा घेतात आणि तो जवळजवळ पांढराच निघेपर्यंत हे चालू ठेवतात. मग टाकी बंद करून तेल भरतात, प्रेस बिनभाराची चालवून तेल गाळणीतून फिरवत ठेवतात आणि नमुना काढतात. नमुना टाकीच्या तळातून घेत नाहीत. तेल वाहत असताना, परतीच्या वाटेवर गाळणीच्या अलीकडे, आधी थोडे तेल सोडून देऊन मगच बाटली धरतात.