यवतमाळचं जुनं स्टेशन: गाठी गेल्या, माणसं राहिली

आजचा भाग यवतमाळच्या जुन्या रेल्वे स्टेशनाबद्दल. जिल्ह्याचं ठिकाण, कापसाची मोठी बाजारपेठ, पण इथली छोटी गाडी २०१०च्या दशकात थांबली ती थांबलीच. का थांबली, हे समजायचं तर ती सुरू कशासाठी झाली होती ते आधी बघायला हवं.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली मुख्य लाईन नागपूरला पोचली. पण ती यवतमाळ, कारंजा, अचलपूर यांना बाजूला ठेवून गेली. तिथला माल बैलगाडीनेच स्टेशनापर्यंत न्यावा लागे.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने अडीच फुटी नॅरोगेज लाईन टाकली गेली. मधे मूर्तिजापूर जंक्शन. तिथून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा अंजनगावमार्गे अचलपूरला, ७६ किलोमीटर. हीच आपली शकुंतला. आणि गंमत बघा, कापूस जायचा मँचेस्टरला आणि गाडीचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच! १९२१ साली बनलेलं हे इंजिन १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत राबलं. मग डिझेल आलं.

आता खरी मेख. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक खासगी रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या, ही लाईन मात्र राहून गेली. मालकी कंपनीची, गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, आणि त्याबद्दल कंपनीला उत्पन्नातला वाटा, असा करार चालू राहिला. म्हणजे ज्याची लाईन तो गाडी चालवत नाही, आणि जो चालवतो त्याची लाईन नाही. अशा घरात गळकं छप्पर कोण दुरुस्त करणार? रूळ जुने होत गेले, वेग कमी कमी होत गेला. मधल्या स्टेशनांवर माणूस ठेवणं परवडेना, म्हणून गाडीवरचे मोजके कर्मचारीच तिकिटं फाडायचे आणि इंजिनही जोडायचे-सोडायचे.

तोवर कापसाच्या गाठी ट्रकवर गेल्या होत्या. ज्यांच्यासाठी लाईन टाकली ते गिऱ्हाईकच उरलं नाही. उरले ते शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बाया, लेकीकडे जाणारी म्हातारी माणसं. एसटीपेक्षा तिकीट कितीतरी स्वस्त, म्हणून वेळ लागला तरी त्यांना हीच गाडी हवी असायची. ती बंद झाल्यावर यवतमाळकरांना रेल्वेसाठी धामणगाव गाठण्यावाचून पर्याय राहिला नाही.

आता वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजचं काम सुरू आहे. २०२४ मध्ये वर्धा ते कळंब गाडी धावलीसुद्धा. यवतमाळला पुन्हा रेल्वे मिळेल, आनंदच आहे. पण कारंजा, अंजनगाव, अचलपूर या नव्या मार्गावर नाहीत. शकुंतला ब्रॉडगेज करा, ही त्यांची मागणी जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी या गावांना रेल्वे मिळाली ती कापसामुळे. आज फक्त माणसांसाठी मिळेल का, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या घरात शकुंतलेने प्रवास केलेलं कुणी असेल, तर त्यांच्या आठवणी आम्हाला नक्की कळवा.